तीस वर्षांचा निर्णय आज कसा घ्यायचा? भविष्यवेधाची पद्धत, पायरीपायरीने

समजा, वाहनदुरुस्ती शिकवणारी एक संस्था आहे. तिची जुनी कार्यशाळा पाडून नवी बांधायची आहे, आणि ही इमारत किमान ३० वर्षं वापरात राहणार आहे. तळमजल्यावर गाडीखाली उतरायचे खड्डे आणि इंजिन उचलायच्या क्रेन बसवायच्या, की ४०० ते ८०० व्होल्टच्या बॅटऱ्यांवर काम करण्यासाठी वेगळी, सुरक्षित जागा काढायची? दोन्हींना पुरेल इतकी जागा नाही, आणि आराखड्यावर सही याच वर्षी व्हायची आहे.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट होते. गेल्या पाच वर्षांचा आलेख काढून त्याची रेघ तशीच पुढे ओढली जाते. नाहीतर एखाद्या मोठ्या तज्ज्ञाला बोलावून ‘पुढे काय होणार?’ असं विचारलं जातं. रेघ सरळ राहिली तरच पहिला मार्ग कामाचा. दुसऱ्याबद्दल फिलिप टेटलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. त्यांनी २८४ तज्ज्ञांची राजकीय आणि आर्थिक भाकितं सुमारे दोन दशकं नोंदवून ठेवली, मग ती खरी ठरली का ते तपासलं, आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. साध्या सांख्यिकी नियमांनी काढलेल्या अंदाजांनाही सरासरी तज्ज्ञ मागे टाकू शकला नव्हता.

भविष्यवेधाचं काम भाकितापेक्षा साधं आहे, पण कष्टाचं आहे. पुढे काय काय घडू शकतं ते नीट मांडायचं, आजचा निर्णय त्या प्रत्येक शक्यतेसमोर उभा करायचा, आणि तो कुठे मोडतो ते बघायचं. पाण्याआधी वळण बांधावं म्हणतात. इथे पाणी कोणत्या बाजूने येईल हे माहीत नसताना वळण बांधायचं आहे, म्हणून पद्धत लागते. वरच्या कार्यशाळेचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवते, म्हणजे पायऱ्या हवेत राहणार नाहीत.

पहिली पायरी: आधी निर्णय, मग भविष्य

‘वाहन उद्योगाचं भविष्य काय?’ या प्रश्नावर शंभर पानं लिहिता येतील आणि त्यातलं एकही कामाला येणार नाही. प्रश्न असा हवा: ‘या वर्षी मंजूर होणाऱ्या कार्यशाळेचा आराखडा कसा ठेवला, तर ती ३० वर्षं उपयोगी राहील?’ प्रश्नासोबत तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. निर्णय नेमका कोणता आहे, त्यावर सही कोण करणार आहे, आणि तो कधीपर्यंत फिरवता येईल.

किती पुढे बघायचं हेही यातूनच ठरतं. निर्णयाचे परिणाम जितकी वर्षं टिकतात, तितकं पुढे बघायचं. अभ्यासक्रम तीन वर्षांत बदलता येतो, यंत्र दहा वर्षं चालतं, इमारत ३० वर्षं उभी राहते. तिन्हींना एकच कालमर्यादा लावली की अभ्यासक्रमावर नको तितका काथ्याकूट होतो आणि इमारतीवर पुरेसा होत नाही.

या पायरीवर मी स्वतः एकदा सपशेल चुकले. एका संस्थेसाठी चार महिने काम केलं, मुलाखती घेतल्या, चार सिनॅरिओ (म्हणजे पुढे काय घडू शकतं याची वेगवेगळी चित्रं) लिहिले, ते सगळ्यांना आवडले. पण पुढच्या गुंतवणुकीच्या बैठकीत त्यातलं एकही पान उघडलं गेलं नाही. नंतर समजलं की त्या वर्षाचे मोठे खर्च आमचा अहवाल येण्याच्या सहा आठवडे आधीच मंजूर झाले होते. निर्णयाची तारीख मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. तेव्हापासून पहिल्या बैठकीत मी आधी तारीख विचारते, बाकीचं नंतर.

सही करणारी व्यक्ती कामाच्या सुरुवातीपासून खोलीत हवी. ‘तुम्ही अभ्यास करा, मी शेवटी वाचेन’ असं ती म्हणत असेल तर काम पुढे ढकललेलं बरं.

दुसरी पायरी: मागे वळून बघा

जितकं पुढे बघायचं, निदान तितकं मागे बघावं. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात. ती एका दुपारी उरकते, आणि तिला काही खर्च येत नाही.

भिंतीवर लांब कागद लावा, ३० वर्षांची रेघ ओढा, आणि संस्थेतल्या सर्वांत जुन्या शिक्षकांना बोलावून विचारा: या काळात तुमचं काम कशाकशाने बदललं? कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. कानाने इंजिन ओळखणाऱ्या मेकॅनिकच्या हातात स्कॅनर आला. मग पुढचा प्रश्न: ही चाहूल तेव्हा कोणाला लागली होती का? लागली असेल, तर तिच्यावर काही का केलं गेलं नाही?

या रेघेवर बहुधा एखादी अनपेक्षित गोष्ट सापडते. आपल्या उदाहरणात ती कायद्याची आहे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ हा एकाच नमुन्याचा निदान-पोर्ट सक्तीचा झाला. तो आणला प्रदूषण-नियंत्रणासाठी. पण त्यामुळे कंपनीबाहेरच्या साध्या गॅरेजवाल्यालाही गाडीच्या संगणकाशी बोलता येऊ लागलं. म्हणजे मेकॅनिकचं काम इंजिनाने जितकं बदललं, तितकंच एका पोर्टच्या नियमाने बदललं. हा धडा पुढे कामी येणार आहे.

तिसरी पायरी: कानोसा घ्या

आता बाहेरचं जग न्याहाळायचं. इगोर अँसॉफ या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९७५ मध्ये दुर्बळ संकेतांची कल्पना मांडली. मोठा बदल एकाएकी कोसळत नाही, आधी त्याच्या बारीक, अर्धवट, सहज दुर्लक्ष होतील अशा खुणा दिसतात. मराठीत त्याला ‘चाहूल’ हा नेमका शब्द आहे.

समाज, तंत्रज्ञान, अर्थकारण, पर्यावरण आणि राजकारण-कायदा या पाचही दिशांना बघायचं, हा जुना आणि चांगला नेम आहे. तंत्रज्ञानाच्या माणसांना एकाच दिशेला बघायची सवय असते, म्हणून तो मुद्दाम पाळावा. वाचायचं काय? बातम्या सगळ्यांत शेवटी. त्याआधी पेटंटचे अर्ज, प्रमाणक संस्थांचे मसुदे, विमा कंपन्यांनी बदललेल्या अटी, नोकरीच्या जाहिराती, सुट्या भागांचे कॅटलॉग, न्यायालयात चाललेले दावे. विमा कंपनी एखाद्या जोखमीसाठी वेगळा हप्ता मागायला लागली, तर तो बदल कोणाच्या तरी हिशेबात आलेला आहे असं समजावं.

सापडलेली प्रत्येक गोष्ट एका कार्डावर लिहा. कार्डावर चार ओळी पुरतात: काय दिसलं, कुठे आणि कधी दिसलं, हे वाढलं तर काय बदलेल, आणि याच्या उलट सांगणारं काही दिसलं का. चौथी ओळ कधीच रिकामी सोडू नका. एक भरलेलं कार्ड दाखवते.

‘अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी तो गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. वाढलं तर: स्वतंत्र गॅरेज टिकतील, आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःचा व्यवसाय करता येईल. उलट खूण: गाड्यांतलं सॉफ्टवेअर दूरवरून बदललं जातंय, काही भाग निर्मात्याने ‘ओळखल्या’शिवाय चालत नाहीत.’

पाच-सहा जणांनी महिनाभर रोज अर्धा तास दिला तर शंभरेक कार्डं सहज जमतात. त्यांतली निम्मी निरुपयोगी निघतील. ती टाकून द्यायला मन धजावत नाही, तरी टाका.

चौथी पायरी: ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं करा

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा इथे आहे.

पिअर वॅक हे शेल या तेल कंपनीतले सिनॅरिओंचे अग्रणी. ते गंगेचं उदाहरण देत. गंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस पडून गेला असेल, तर काही दिवसांनी खालच्या गावांत पाणी चढणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पाऊस पडून गेलाय, पाणी वाटेत आहे. अशा गोष्टींना ते पूर्वनिश्चित घटक म्हणत. भविष्याचा बराच भाग असा वाटेत असलेल्या पाण्याचा असतो, आणि आपण त्यालाही ‘अनिश्चित’ म्हणून मोकळे होतो.

कार्डांचे तीन ढीग करा. वाटेत असलेलं पाणी पहिल्यात, महत्त्वाचं पण खरोखर अनिश्चित ते दुसऱ्यात, कमी महत्त्वाचं तिसऱ्यात. तिसरा बाजूला ठेवा.

कार्यशाळेच्या उदाहरणात पहिल्या ढिगात काय येईल? नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. हे वाचून कोणीही म्हणेल, खड्डे कशाला, क्रेन कशाला? पण रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या तर चित्र निराळं दिसतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नॉर्वेतल्या नोंदणीकृत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा पहिल्यांदा जास्त झाल्या, म्हणजे सुमारे २८ लाखांपैकी साडेसात लाखांच्या थोड्या वर. डिझेलच्या मोटारी अजूनही सर्वांत जास्त होत्या. आजची नवी गाडी बारा-पंधरा वर्षं रस्त्यावर राहते, आणि दुरुस्तीला जुनी गाडीच येते. मेकॅनिकच्या कामाचा वेग शोरूम ठरवत नाही, भंगारात जाणाऱ्या गाड्या ठरवतात. कोणत्याही देशात ही गोष्ट वाटेत असलेल्या पाण्यासारखी आहे, आणि तिच्यामुळे निम्मा वाद मिटतो. दोन्ही प्रकारच्या गाड्या दीर्घकाळ शेजारी-शेजारी दुरुस्तीला येणार.

न ठरलेलं मग काय उरलं? विजेच्या गाड्या वापरात किती वेगाने भरतील, आणि दुरुस्तीची किल्ली कोणाच्या हातात राहील, निर्मात्याच्या की सगळ्यांच्या.

पाचवी पायरी: तंत्रज्ञानाला विचारायचे प्रश्न

तंत्रज्ञानाबद्दल बोलताना एक चूक पदोपदी होते. प्रयोगशाळेत जमलं, म्हणजे आलंच असं धरलं जातं. म्हणून प्रत्येक तंत्रज्ञानाला काही प्रश्न शांतपणे विचारावेत.

ते आज कितपत तयार आहे? नासाने १९७० च्या दशकात सुरू केलेली तयारीची मोजपट्टी आता सगळीकडे वापरतात. तिच्यावर नऊ पायऱ्या आहेत. पहिलीवर नुसतं मूलतत्त्व समजलेलं असतं, नवव्या पायरीवर ते प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेलं असतं. जाहिरातीत जे नवव्या पायरीचं म्हणून दाखवलं जातं, ते खोलात गेल्यावर पुष्कळदा पाचव्या-सहाव्यावर असतं.

त्याची किंमत कशाने उतरते? टी. पी. राइट या विमान-अभियंत्याने १९३६ मध्ये दाखवलं की विमानांचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. सौर पॅनेलची किंमतही दर दुपटीला साधारण त्याच प्रमाणात उतरत आली आहे. लिथियम-आयन बॅटऱ्यांची किंमत २०१० ते २०२० या दशकात जवळपास ९० टक्क्यांनी पडली. कारखान्यात एकसारखी, लाखोंनी बनणारी वस्तू हा नियम छान पाळते. प्रत्येक ठिकाणी वेगळी बांधावी लागणारी, अवाढव्य वस्तू तो पाळेलच असं नाही. त्यामुळे ‘तंत्रज्ञान स्वस्त होणार’ असं सरसकट म्हणू नका, वस्तू कोणत्या जातीची आहे ते आधी बघा.

आणखी एक प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. याच्यासोबत आणखी काय बदलावं लागेल? न्यूयॉर्कमधलं एडिसनचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा खरा परिणाम दिसायला १९२० चं दशक उजाडलं. सुरुवातीला कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटार बसवली. छताखालचे लांब दांडे आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार मिळाली, कारखाने एकमजली आणि ऐसपैस झाले, कामाचा क्रम नव्याने आखला गेला, तेव्हा कुठे फरक पडला. चाळीस वर्षं गेली ती इमारती आणि सवयी बदलायला. कार्यशाळा बांधणाऱ्याने हे उदाहरण दोनदा वाचावं.

शेवटी परिणामांचे परिणाम. जेरोम ग्लेन या भविष्य-अभ्यासकाने १९७१ मध्ये यासाठी साधं चाक सुचवलं. कागदाच्या मध्यभागी बदल लिहायचा, भोवती त्याचे थेट परिणाम, त्यांच्याभोवती त्या परिणामांचे परिणाम. मध्यभागी ‘विजेची मोटार’ लिहून बघा. इंजिन ऑइल बदलायचं काम जातं. वेग कमी करताना गाडीतली इलेक्ट्रिक मोटारच ऊर्जा परत घेते, म्हणून ब्रेक कमी झिजतात. गाडी जड असते, म्हणून टायर जास्त झिजतात. दुसऱ्या वर्तुळात: ज्या नेहमीच्या छोट्या कामांवर नवशिके हात बसवून घेतात, तीच कमी होतात. मग शिकाऊ माणूस शिकणार कशावर? हा प्रश्न पहिल्या वर्तुळात दिसत नव्हता.

सहावी पायरी: तज्ज्ञांना विचारा, पण एकत्र बसवून नको

बैठकीत तज्ज्ञ बसवले की ज्येष्ठाचं मत सगळ्यांचं मत होतं. यावर रँड या अमेरिकी संस्थेत १९५० च्या दशकात डेल्फाय पद्धत निघाली. तज्ज्ञ एकमेकांना भेटत नाहीत. प्रत्येकजण लेखी उत्तर देतो, उत्तरं नाव न लावता एकत्र करून सगळ्यांना परत पाठवतात, आणि दुसऱ्या फेरीत मत बदलायची मुभा असते. जपानने १९७१ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानासाठी देशपातळीवर अशी पाहणी सुरू केली आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी ती करत राहिला.

तुम्हाला हजारो तज्ज्ञ लागणार नाहीत. बारा-पंधरा पुरे, पण एकाच गोत्रातले नकोत. आपल्या उदाहरणात बॅटरीचा अभियंता, भंगारवाला, विमा-सर्व्हेअर, सुट्या भागांचा व्यापारी, अग्निशमन अधिकारी आणि नुकतंच गॅरेज टाकलेला माजी विद्यार्थी. प्रश्न मोजता येईल असा विचारा: ‘दुरुस्तीला येणाऱ्या दर चार गाड्यांपैकी एक विजेची, ही वेळ आपल्या भागात कोणत्या वर्षी येईल?’ उत्तरात एक वर्ष मागू नका, लवकरात लवकरचं आणि उशिरात उशिराचं अशी दोन वर्षं मागा, आणि कारण मागा. फेऱ्या दोन, फार तर तीन.

दुसऱ्या फेरीनंतरही एखाद्याचं उत्तर बाकीच्यांपासून लांब राहिलं, तर त्याला फोन करून तासभर बोला. सरासरी काढून त्याला पुसून टाकणं ही या पद्धतीतली सगळ्यांत महाग चूक आहे.

सातवी पायरी: सिनॅरिओ लिहा

शेलमध्ये १९७१ मध्ये तयार झालेले पहिले सिनॅरिओ वॅक यांना स्वतःलाच पटले नव्हते. अनिश्चितता त्यांत नीट मांडली होती, पण ते वाचून व्यवस्थापकाला निर्णय घेता येत नव्हता. पुढच्या खेपेला त्यांनी रोख बदलला: तेल उत्पादक देशांच्या जागी बसून बघा, त्यांना जास्त तेल काढण्यात काय फायदा आहे? उत्तर निघालं की बऱ्याच देशांना काहीच नाही. तेलाची टंचाई आणि भाववाढ ही शक्यता व्यवस्थापनापुढे स्पष्ट मांडली गेली. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. तारीख कोणीच सांगितली नव्हती. पण त्या परिस्थितीत काय करायचं याचा विचार शेलमध्ये आधीच झालेला होता.

लिहायची सोपी रीत अशी. चौथ्या पायरीतल्या दोन अनिश्चित गोष्टी घ्या, एक आडवी आणि एक उभी रेघ काढा, चार चौकोन होतील. आपल्याकडे आडवी रेघ विजेच्या गाड्यांच्या वेगाची, उभी दुरुस्तीच्या किल्लीची. दोन्ही रेघा एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत का ते तपासा. एक हलली की दुसरी आपोआप हलत असेल, तर चार चित्रांची दोनच होतात.

प्रत्येक चौकोनात एक दिवस लिहा. नुसते मुद्दे लिहिले की कोणाला काही जाणवत नाही. ‘वेगवान बदल, बंद किल्ली’ या चौकोनातला हा तुकडा बघा:

‘सकाळचे नऊ. कार्यशाळेत चार गाड्या उभ्या आहेत. पहिलीचा बॅटरी-मॉड्यूल बदलून झालाय, पण गाडी त्याला ओळखत नाही. निर्मात्याच्या सर्व्हरकडून परवानगी यायला हवी, आणि ती फक्त अधिकृत केंद्रांना मिळते. शिक्षक मुलांना सर्किट समजावून सांगतात, शेवटची पायरी फळ्यावर दाखवतात. दुपारी दोन विद्यार्थी प्रवेश रद्द करायला येतात. एका कंपनीने स्वतःची शाळा काढली आहे, तिथे शिकताना पगारही मिळतो.’

हे वाचल्यावर संचालक गप्प होतात. तोवर सगळी चर्चा खड्डे आणि क्रेनची होती. कंपनीच्या शाळेमुळे विद्यार्थीच येणार नाहीत, ही शक्यता कोणी बोललंच नव्हतं.

चित्रं कोणाच्या भीतीची किंवा आवडीची असू नयेत. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपत असताना, १९९१-९२ मध्ये, मॉन्ट फ्लूर इथे वेगवेगळ्या गोटांतले २२ जण एकत्र बसले आणि त्यांनी देशापुढच्या चार वाटा लिहिल्या. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग म्हणजे तडजोड टाळणारं सरकार. लंगडं बदक म्हणजे रेंगाळलेलं, दुबळं सत्तांतर. सूर्याजवळ उडून पंख वितळलेला, ग्रीक पुराणकथेतला इकारस म्हणजे झेपणार नाही इतका खर्च करणारं नवं सरकार. आणि फ्लेमिंगोंचा थवा, हळूहळू पण सगळे मिळून उडणारा. इकारसचं चित्र त्या खोलीतल्या काहींच्याच बाजूला टोचणारं होतं, तरी ते ठेवलं गेलं. नंतर ही चित्रं वर्तमानपत्रातून आणि व्हिडिओतून लोकांपर्यंत नेली. नावं लक्षात राहतील अशी होती, म्हणून ती बोलण्यात आली. तुमच्या चौकोनांनाही अशी नावं द्या. ‘सिनॅरिओ ब’ कोणाच्या तोंडात बसत नाही.

चार चौकोनांच्या बाहेरचा एखादा अवचित प्रसंगही चर्चेत घ्या, पण त्यावर एका तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका.

आठवी पायरी: निर्णय प्रत्येक चित्रातून चालवून बघा

आता आराखड्याचे दोन-तीन पर्याय घ्या आणि प्रत्येक पर्याय चारही चित्रांत ठेवून विचारा: इथे तो टिकतो, वाकतो, की मोडतो? उत्तरं एका तक्त्यात भरा. चित्रांना टक्केवारी देऊ नका. ‘हे ६० टक्के शक्य’ म्हटलं की बाकीची तीन चित्रं लगेच विसरली जातात.

तक्त्यातून तीन प्रकारच्या गोष्टी निघतात. काही सगळ्या चित्रांत शहाणपणाच्या ठरतात, त्या लगेच करा. कार्यशाळेत मध्ये खांब नसलेला मोठा हॉल, जड गाड्या झेलणारी फरशी, गरजेपेक्षा जास्त वीज आणता येईल इतक्या मोकळ्या नळ्या, अपघातात सापडलेली बॅटरी इमारतीपासून दूर उघड्यावर ठेवायची जागा. काही गोष्टी एकाच चित्रात चांगल्या असतात. इंजिन तपासायचं महागडं यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या, पक्क्या खड्ड्यांऐवजी हलवता येणाऱ्या लिफ्ट घ्या. आणि काही गोष्टी आता करायच्याच नसतात, फक्त त्यांची वाट बंद होऊ द्यायची नसते. शेजारची मोकळी जागा विकू नका, हा असा निर्णय.

या तिसऱ्या प्रकाराचं माझं आवडतं उदाहरण लंडनचं आहे. थेम्स नदीवरचा पूर-अडथळा १९८४ मध्ये रीतसर सुरू झाला. समुद्र किती चढेल हे नक्की माहीत नसताना पुढच्या शतकाचं नियोजन कसं करायचं? २०१२ च्या थेम्स खाडीच्या योजनेत पाणी किती चढेल याच्या एकाच आकड्यावर सगळं लावलं नाही. कोणत्या पातळीला कोणता उपाय अपुरा पडेल, आणि त्याआधी किती वर्षं पुढचं काम सुरू करावं लागेल, हे त्यांनी लिहिलं. दहा निर्देशक ठरवून त्यांवर नजर ठेवली. २०२३ च्या आढाव्यात शहराच्या आतल्या भागातले बांध उंच करायची मुदत १५ वर्षं अलीकडे, २०५० वर आणली गेली. भविष्याबद्दलचं मत बदललं, पण योजना मोडीत काढावी लागली नाही, कारण बदलाची जागा तिच्यात आधीच होती.

नववी पायरी: खुणा आणि तारखा

आपण कोणत्या चित्राकडे सरकतोय हे कशावरून कळेल? प्रत्येक चित्रासाठी दोन-तीन खुणा ठरवा. खूण मोजता येणारी हवी, तिची माहिती सहज मिळायला हवी, आणि ती अमुक मर्यादा ओलांडली की काय करायचं हे आत्ताच लिहिलेलं हवं. उदाहरणार्थ: ‘आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी दोन विजेच्या झाल्या, की हॉलच्या पूर्वेकडचा भाग बॅटरीच्या कामासाठी बदलायचा. माहिती दर जानेवारीत फोन करून गोळा करायची.’ त्यापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव. ‘समिती बघेल’ असं लिहिलं की कोणीच बघत नाही.

सोबत एक छोटी वही ठेवा. संघातल्या प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीला पाच-सहा अंदाज शक्यतेच्या टक्केवारीसह लिहायचे, आणि वर्षअखेर तपासायचे. इथे टक्केवारी चालते, कारण एका वर्षाचा प्रश्न तपासता येतो. टेटलॉक यांच्या पुढच्या कामात दिसलं की जे आपला अंदाज नव्या माहितीनुसार थोडा-थोडा सुधारत राहतात, त्यांचे अंदाज जास्त बरोबर येतात. ही सवय लावून घेता येते.

हवं ते भविष्य, उलट्या वाटेने

वरच्या सगळ्या पायऱ्या ‘काय होऊ शकतं’ याच्या आहेत. ‘आपल्याला काय हवं’ हाही प्रश्न आहेच. तो शेवटी घेतला तर बरा, नाहीतर सगळी चित्रं इच्छेच्या रंगात रंगतात. ३० वर्षांनी संस्था कशी असावी ते एका परिच्छेदात लिहा, आणि तिथून मागे या: त्याआधी पाच वर्षं काय झालेलं असायला हवं, त्याआधी काय. जॉन रॉबिन्सन या अभ्यासकाने १९८२ मध्ये ऊर्जानियोजनासाठी या रीतीला ‘बॅककास्टिंग’ हे नाव दिलं. मागे येत येत पुढच्या सहा महिन्यांपर्यंत पोचलात की थांबा. तिथे जे लिहिलेलं असेल ते कामाच्या यादीत टाका.

वेळ किती लागतो?

छोट्या संस्थेला कानोशासाठी एक महिना, तज्ज्ञांच्या दोन फेऱ्यांना सहा आठवडे, सिनॅरिओसाठी पूर्ण दोन दिवस, आणि तक्ता भरायला एक दिवस पुरतो. दोन दिवसांच्या मध्ये एक आठवडा सोडा. पहिल्या दिवशी लिहिलेली चित्रं आठवड्याने वाचली की त्यांतलं नवं काय आणि आपलं जुनंच मत काय हे वेगळं दिसतं. घाई असेल तर तज्ज्ञांची फेरी एकच करा. चौथी आणि नववी पायरी मात्र कापू नका.

अहवाल दहा पानांपेक्षा मोठा नको. त्याच्या पहिल्या पानावर निर्णय, त्याखाली खुणांचा तक्ता, प्रत्येक खुणेपुढे एक नाव, आणि पुढच्या आढाव्याची तारीख. ती तारीख अहवाल छापायच्या आधी सही करणाऱ्या व्यक्तीच्या कॅलेंडरमध्ये, तिच्यासमोर बसून, भरून घ्या.